चार माणसं, तीन रात्री, पंधरा हजार: थंडीतली रत्नागिरी

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की डोंबिवलीहून तुम्ही दोघं, ७६ वर्षांच्या सासूबाई आणि ९ वर्षांचा मुलगा असे चौघं जानेवारीत तीन रात्रींसाठी कोकणात येणार, गाडी नाही, बजेट १५ हजार, आणि लिस्टमध्ये दापोली, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण असं सगळं आहे. मी रत्नागिरीत बारा वर्षं घरगुती राहण्याची सोय चालवतेय. अशी लिस्ट घेऊन येणारे पाहुणे दर सीझनला येतात, त्यामुळे स्पष्टच सांगते, ही पाच गावं तीन रात्रीत होत नाहीत. प्रवास होईल, पण कोकण बघून होणार नाही.

कारण नकाशात दिसत नाही. कोकणात किलोमीटर मोजून चालत नाही, खाड्या मोजाव्या लागतात. दापोली आणि गुहागरच्या मध्ये दाभोळची खाडी, गुहागर आणि गणपतीपुळ्याच्या मध्ये जयगडची, रत्नागिरी सोडली की लगेच भाट्याची, मग पूर्णगड, मग जैतापूर, मग विजयदुर्ग, आणि एवढ्या ओलांडून झाल्या तरी मालवण अजून पुढेच. काही ठिकाणी पूल आहे, काही ठिकाणी फेरीबोटीची वाट बघायची, आणि खाडी टाळायची तर आत हायवेपर्यंत जाऊन परत खाली यायचं. रस्ते चढउताराचे, वळणाचे, सासूबाईंना गाडी लागत असेल तर अर्धा दिवस त्यातच गेला. मागे एक कुटुंब चार रात्री चार हॉटेलं बुक करून निघालेलं, माझ्याकडे शेवटच्या रात्री पोचले ते साडेनऊला. मुलं झोपलेली, आणि ती बाई मला म्हणाली, सूर्यास्त आम्ही चारही दिवस गाडीच्या काचेतून बघितला. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते, दोन खाड्या धरा आणि त्यांच्यामध्येच राहा.

त्या दोन खाड्या म्हणजे उत्तरेला शास्त्री नदीची जयगडची खाडी आणि दक्षिणेला मुचकुंदीची पूर्णगडची खाडी. मधोमध रत्नागिरी शहर. मुक्काम शहरात एकाच खोलीवर, सामान एकदाच उघडायचं, एक दिवस उत्तरेला, एक दिवस दक्षिणेला आणि उरलेला वेळ शहराला. दोन्ही बाजूला तासाभराच्या एसटीवर एवढं आहे की तीन दिवसात संपत नाही. पुळ्यालाच, म्हणजे गणपतीपुळ्याला, मुक्काम करावा असं बऱ्याच जणांना वाटतं, समुद्र दारात म्हणून. पण तिथे रेट वीकेंडला चढतात, आणि तिथून दक्षिणेकडचं पावस गाव करायचं तर पुन्हा रत्नागिरीवरूनच जावं लागतं. शहरात राहिलात तर खानावळी, मेडिकल, दवाखाना, रिक्षा सगळं हाताशी, सासूबाईंच्या दृष्टीनेही तेच बरं.

आता वार. माझं म्हणणं रविवारी या आणि बुधवारी जा. रविवारी दुपारी तुम्ही पोचता तेव्हा वीकेंडवाले परत निघालेले असतात, खोल्या रिकाम्या असतात आणि रेटवर बोलता येतं. मुलाची तीन दिवस शाळा बुडेल हे खरं, पण शुक्रवार-रविवार आलात तर तीच खोली तुम्हाला कितीतरी महाग पडेल. २४ डिसेंबर ते २ जानेवारी अजिबात नको, २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली तर तेव्हाही नको. आणि माघी गणेश जयंती कधी आहे ते कॅलेंडरमध्ये बघून घ्या, त्या आठवड्यात पुळ्याला दर्शनाच्या रांगेतच दिवस जाईल.

यायचं कसं, तर रेल्वेनेच. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण इतकी वर्षं चाललंय की त्या रस्त्याचा अंदाज आम्हालाही देता येत नाही, आणि एसटीत सात-आठ तास सासूबाईंना बसवू नका. मांडवी एक्सप्रेस ठाण्याला थांबते, सकाळी निघून दुपारी रत्नागिरीत सोडते, आणि खाण्यापिण्यासाठी त्या गाडीची ख्याती आहे. मुलाला खिडकी द्या. रत्नागिरीच्या जरा अलीकडे उक्षी सोडलं की करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटर लांब, त्याला आत शिरल्यावर घड्याळ लावायला सांगा. रात्रीची कोकणकन्या घेतली तर एका रात्रीचं खोलीभाडं वाचतं असा हिशोब बरेच जण करतात, पण ती पहाटे अंधारात उतरवते, खोली तेव्हा मिळत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचा पुढचा अख्खा दिवस जांभया देण्यात जातो. तुम्ही दोघंच असता तर मी तीच सांगितली असती. दिव्याहून सुटणाऱ्या पॅसेंजर गाड्या तर सगळ्यात स्वस्त, तुम्हाला डोंबिवलीहून दिवा जवळही आहे, पण रिझर्वेशन नाही, गर्दी मरणाची आणि वेळ खाते, म्हणून तुमच्यासाठी नको.

रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, नोव्हेंबर २०२४ पासून बदललंय. कोकणच्या गाड्या पटापट भरतात तेव्हा ज्या सकाळी उघडेल त्याच सकाळी बसा. तत्काळच्या भरवशावर येऊ नका. आणि हो, रेल्वेत ज्येष्ठांची सवलत कोविडपासून बंद आहे ती अजून सुरू झालेली नाही, सासूबाईंचं तिकीट पूर्ण धरा. मुलाला वेगळी सीट हवी तर त्याचंही पूर्णच.

पण एसटीत तुमची चांदी आहे. सासूबाई ७५ च्या वर, त्यांना एसटी पूर्ण फुकट. तुम्हाला महिला म्हणून अर्धं, मुलगा १२ च्या आत म्हणून अर्धं, मिस्टरांचं पूर्ण. चार माणसं आणि दोन तिकिटांचे पैसे! म्हणून मी तुम्हाला दोन दिवसांसाठी टॅक्सी ठरवू नका म्हणते, नाहीतर गाडीवाला एका दिवसाचे जेवढे घेईल तेवढ्यात तुमचं दोन दिवसांचं फिरणं आणि जेवण होतं. फक्त सासूबाईंचं आधार कार्ड ओरिजिनल जवळ ठेवा, झेरॉक्सवर कंडक्टर ऐकतीलच असं नाही, आणि त्यांनी का ऐकावं.

पैशाचा हिशोब मी असा लावते. खोली रात्रीची १८०० धरा, एक्स्ट्रा गादीसकट, तीन रात्रींचे ५४००. रेल्वेने चौघांची जाऊन-येऊन २२०० धरा. खाणं दिवसाला १२०० प्रमाणे साडेतीन दिवसांचं ४२००. एसटीला ७००, शहरातल्या रिक्षांना आणि स्टेशनच्या जाण्यायेण्याला १०००. झाले साडेतेरा हजार. उरलेले दीड हजार कोकम, काजू आणि मुलाच्या हट्टासाठी. हे आकडे मी जरा वरच धरलेत, मधल्या वारी खोली याहून कमीत मिळू शकते, पण खाली धरून आलं की मग माणूस प्रत्येक थाळीकडे संशयाने बघतो.

खोली घेताना मारुती मंदिर ते एसटी स्टँड या पट्ट्यात बघा. समुद्र दिसणारी खोली नको, रात्री काय दिसणार आहे. फोनवर तीन गोष्टी विचारा, खोली कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का, संडास कमोडचा आहे का, आणि सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत. स्टेशन शहरापासून पाचेक किलोमीटर लांब आहे, रिक्षात बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या.

रविवारी दुपारी जेवून थोडं पडा आणि चार-साडेचारला रत्नदुर्गावर जा. आम्ही भगवती किल्लाच म्हणतो. घोड्याच्या नालेसारखा आकार, तीन बाजूंना समुद्र, रिक्षा बरीच वरपर्यंत जाते, देवळाला थोड्या पायऱ्या आहेत त्या सासूबाई बसत बसत चढतील. तिथून खाली मिरकरवाड्याचं बंदर अख्खं दिसतं, होड्या लागलेल्या असतात. उतरताना मांडवीच्या किनाऱ्यावर भेळ खा. मुलगा विचारेल इथली वाळू काळी का, तर इथे एका बाजूला काळा समुद्र आणि किल्ल्याच्या पलीकडे पांढरा समुद्र, आम्ही तसंच म्हणतो, वाळूच्या रंगावरून. दोन्ही बघू दे त्याला.

सोमवार उत्तरेचा. पुळ्याला मंगळवारी गणपतीचा वार म्हणून गर्दी असते, त्यात अंगारकी असली तर विचारूच नका, म्हणून सोमवार. एसटीत बसायच्या आधी विचारा, आरे-वारे मार्गे का जाकादेवी मार्गे. पाटीवर दोन्हीकडे गणपतीपुळेच लिहिलेलं असतं. जाकादेवीवाली आतून डोंगरातून फिरून जाते, आरे-वारेवाली साखरतरचा पूल ओलांडून किनाऱ्याने जाते, पंचवीसेक किलोमीटर, आणि वारेच्या चढावर एका वळणाला खाली दोन्ही किनारे एकदम उघडतात. जाताना डाव्या हाताच्या खिडक्या पकडा.

आता पुळ्याच्या समुद्राबद्दल नीट वाचा, कारण हे मी प्रत्येक पाहुण्याला दारात उभं करून सांगते. तो समुद्र भाट्यासारखा उथळ पसरट नाही. चार पावलं गुडघाभर असतं आणि पाचव्या पावलाला पायाखालची वाळू जाते, परत जाणारी लाट पायच ओढते. पोहता येतं म्हणून पाण्यात उतरलेले तरणे पोरगे तिथे बुडालेत. माझ्याकडे उतरलेल्या एका मुलाला किनाऱ्यावरच्या नारळपाणीवाल्याने ओढून काढलं, तो आठवला की अजून माझ्या पोटात गोळा येतो. पुळ्याला देवदर्शन, वाळूत खेळ, पाय भिजवणं, बस्स. डुंबायची हौस भाट्याला भागवा, आणि तीही ओहोटी लागल्यावर नाही, पाणी वर चढत असताना, गुडघ्याच्या वर नाही, मुलाचा हात धरून.

भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. आमच्याकडची जुनी रीत आहे, तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, सव्वाअकरा. कृष्णपक्षातही प्रतिपदेपासून तशीच मोजायची. मिनिटाला मिनिट जुळत नाही पण अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकात बसतं, आणि किल्ल्यासाठी ओली सपाट वाळू कधी मिळेल ते मुलाला स्वतः काढता येतं. एकदा शिकवा, तो घरी जाऊन सगळ्यांना सांगत सुटेल.

पुळ्याला सकाळी लवकर पोचा, दर्शन घ्या, मग ज्याला जमेल त्याने डोंगराची प्रदक्षिणा करा. इथे डोंगरच गणपतीचं रूप मानतात म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला, साधारण किलोमीटरभर, वाट बांधलेली आहे. ऊन चढायच्या आत करा. सासूबाई देवळाच्या आवारात बसतील. दुपारी रिक्षाने मालगुंडला जा, जवळच आहे, केशवसुतांचं जन्मगाव, त्यांचं कौलारू घर आणि स्मारक आहे. तुमचा मुलगा मराठी शाळेत असेल तर ‘तुतारी’ त्याला पुढे कधीतरी येईलच अभ्यासाला, नसेल तरी जुनं कोकणी घर आतून कसं असतं हे बघायला मिळतं, पडवी, ओटी, माजघर. जयगडचा किल्ला आणि कऱ्हाटेश्वर सुंदर आहेत, पण एसटीने एका दिवसात सासूबाईंना घेऊन ते बसवू नका, दमतील. सकाळी उतरतानाच कंडक्टरला परतीची आरे-वारेवाली गाडी कधी आहे ते विचारून ठेवा, आणि शेवटच्या गाडीवर राहू नका, तिच्या आधीची पकडा.

मंगळवार दक्षिणेचा, आणि मला विचाराल तर हाच दिवस माझ्या जास्त आवडीचा. भाट्याचा पूल ओलांडला की शहर एकदम संपतं. काजळी नदी तिथे समुद्राला मिळते. भाट्याची सुरूची बनं, मग फणसोप, गोळप, आणि पावसपर्यंत दोन्ही बाजूला आंब्याच्या बागा. जानेवारीत झाडं मोहरलेली असतात. एसटीच्या उघड्या खिडकीतून तो वास येतो ना, तो तुम्हाला मेमध्ये कितीही पैसे दिले तरी मिळणार नाही. मे महिन्याच्या कोकणापेक्षा मी थंडीतलं कोकण चांगलं म्हणते त्याचं अर्धं कारण हा मोहर. हापूस मात्र मागू नका आत्ता, तो मार्च-एप्रिलनंतर.

पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे, ते १९७४ मध्ये समाधिस्थ झाले. मठात शांत वाटतं, दुपारी प्रसाद मिळतो, सासूबाईंचा वेळ तिथे चांगला जाईल. तिथून रिक्षा ठरवून गणेशगुळे करा. आमच्याकडे म्हण आहे, ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’. आदल्या दिवशी पुळं बघून आलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी गुळं दाखवायचं, गोष्ट आपोआप पूर्ण होते. गुळ्याचा किनाराही बऱ्याचदा रिकामा असतो. दम असेल तर त्याच रिक्षाने पूर्णगड. किल्ला छोटा, अर्ध्या तासात बघून होतो, गावातून थोडं चढायचं, आणि वर समुद्राकडच्या दरवाज्यातून मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळताना दिसते. तुमची दुसरी खाडी, तिच्यापुढे जायचं नाही. खाडीपलीकडे कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, प्रचंड मोठा हत्ती कोरलेला आहे, कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. पण सड्यावर सावलीला एक झाड नाही. ते पुढच्या खेपेला, सासूबाई नसताना.

बुधवारी सकाळी शहर. थिबा पॅलेस मुद्दाम बुधवारवर ठेवलाय कारण सोमवारी म्युझियमला सुट्टी असते. पॅलेसची गोष्ट मुलाला आधी सांगून न्या नाहीतर त्याला नुसता जुना बंगला वाटेल. ब्रह्मदेशचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून उचलला आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवला. हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला, परत जाऊ दिलाच नाही. आणि आपला बहादूरशहा जफर कुठे वारला, तर रंगूनला. इथला बादशहा तिकडे आणि तिथला राजा इकडे. वरच्या मजल्यावरच्या अर्धगोल लाकडी खिडक्यांपाशी उभं राहून हे सांगा. जवळच थिबा पॉइंट आहे, तिथून काल ओलांडलेला भाट्याचा पूल आणि खाडी दिसते.

मग टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर, त्यांचा जन्म १८५६ चा, आणि सावरकर इथे स्थानबद्ध असतानाच्या काळातलं, भागोजीशेठ कीरांनी १९३१ मध्ये बांधलेलं पतितपावन मंदिर. वेळ उरला तर झाडगावला मत्स्यालय, तिथे व्हेलचा सांगाडा आहे, मुलं तिथून हलत नाहीत. या सगळ्याला एकच रिक्षा ठरवा, थांबण्याचे पैसे आधी बोलून. परतीला संध्याकाळची जनशताब्दी घ्या, रात्री उशिरा ठाण्याला सोडते.

खाण्याबद्दल थोडक्यात. मासेमारी बंदी जून-जुलैत असते, त्यामुळे जानेवारीत बाजार भरलेला असतो. रोज सुरमई थाळी खाऊ नका, बजेट तिथेच फुटतं. बांगडा स्वस्त आणि ताजा, एक दिवस बांगडा, एक दिवस तिसऱ्या (शिंपल्या) किंवा कोळंबी आणि एकदाच सुरमई. चौघांत तीन थाळ्या आणि जास्तीच्या चपात्या पुरतात, मोकळेपणाने विचारा, खानावळीत कुणी वाईट मानत नाही. सासूबाई शाकाहारी असतील तर कुळथाचं पिठलं, भात, पावट्याची उसळ आणि सोलकढी असं जेवण आधी फोन करून सांगितलं तर घरगुती ठिकाणी आनंदाने करतात. सकाळी घावणे-चटणी. कोकम, काजू, फणसपोळी देवळासमोर न घेता शहरातल्या बाजारात घ्या.

थंडीचे कपडे म्हणाल तर एक स्वेटर आणि कानटोपी, तीही सासूबाईंसाठी. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो तेव्हा गारवा असतो, दुपारी खारे वारे लागले की घाम येतो. सुती कपडे, टोपी, पाण्याची बाटली आणि गाडी लागण्याची गोळी, एवढंच.

तारीख पक्की झाली की मला कळवा. त्या सोमवारची तिथी बघून पुळ्याला वाळूवर किती वाजता उतरायचं ते मी सांगते.